पूर्व आशियाच्या घरखर्चाची तुलना अशी चुकते

संपादक महोदय,

जपानी कुटुंब अन्नावर २८ टक्के खर्च करते, चिनी कुटुंब जवळजवळ ३० टक्के आणि दक्षिण कोरियातले कुटुंब फक्त १४ टक्के, असे तक्ते अलीकडे आपल्याकडच्या वृत्तपत्रांत आणि स्पर्धा परीक्षांच्या मासिकांत वरचेवर दिसतात. मग जपान घसरत घसरत चीनच्या पंगतीला जाऊन बसला आणि कोरिया दोघांच्या कितीतरी पुढे निघून गेला, असा अर्थ त्यातून काढला जातो. यातला एकही आकडा खोटा नाही. त्या त्या देशाच्या सांख्यिकी खात्याने २०२४ सालासाठी तो स्वतःच प्रसिद्ध केला आहे. अर्थ मात्र चुकीचा आहे, कारण तिन्ही खात्यांनी मोजलेल्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत. विद्यार्थी हे तक्ते पाठ करतात आणि त्यांवर निबंध लिहितात, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी अन्नाचाच रकाना घेऊ. जपानचा आकडा २८.३ टक्के. त्यात किराणा, भाजी, मासळी, दुकानातून आणलेले तयार पदार्थ, उपाहारगृहातले जेवण आणि दारू हे सगळे येते. तंबाखू येत नाही. चीनचा २९.८ टक्के. त्यात अन्न, पेये, बाहेरचे खाणे, दारू आणि सिगारेटसुद्धा धरलेली आहे. कोरियाच्या १४.३ टक्क्यांत केवळ घरी आणलेले अन्न आणि बिनदारूची पेये आहेत. बाहेरचे खाणे तिथे ‘उपाहारगृहे व निवास’ या वेगळ्या गटात जाते आणि त्या गटाचा वाटा २०२४ मध्ये १५.५ टक्के होता, म्हणजे घरच्या अन्नापेक्षाही जास्त. दारू आणि तंबाखूचा गट आणखी निराळा. आता १४.३ आणि १५.५ यांची बेरीज करा: २९.८. चीनच्या आकड्याशी ती दशांशापर्यंत जुळते हा योगायोग आहे, कारण कोरियाच्या दुसऱ्या गटात हॉटेलच्या मुक्कामाचा थोडा खर्चही मिसळलेला असतो आणि दारू-तंबाखू अजून बाहेरच आहे. पण तिन्ही देश २८ ते ३० टक्क्यांच्या एकाच पट्ट्यात येतात, आणि ‘कोरिया निम्म्यावर’ ही बातमी उरत नाही.

पण इथे थांबलो तर दुसरी चूक होईल. टक्केवारी काढताना वरच्या आकड्याइतकाच खालचा आकडाही महत्त्वाचा, आणि खालचा आकडा म्हणजे एकूण घरखर्च. चीनच्या राष्ट्रीय सांख्यिकी विभागाच्या पाहणीत २०२४ साली दरडोई खर्च २८,२२७ युआन होता. त्यातला २२.२ टक्के, म्हणजे ६,२६३ युआन, निवासावर. हा वाटा एवढा मोठा दिसतो, कारण स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्यांचे आरोपित भाडे त्यात धरलेले असते. तेच घर भाड्याने घेतले असते तर जे द्यावे लागले असते ते हे भाडे. प्रत्यक्षात एक युआनही कुणी कुणाला दिलेला नसतो. जपानच्या कौटुंबिक जमाखर्च पाहणीत असे भाडे धरत नाहीत. म्हणून तिथे महिन्याच्या ३,००,२४३ येन खर्चात निवासाचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास दिसतो. टोकियोची भाडी ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हा आकडा अशक्य वाटेल. पण पाहणीतली बहुतेक कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात, आणि घरकर्जाचा हप्ता हा खर्च न मानता कर्जफेड मानला जातो. कोरियाच्या पाहणीतही आरोपित भाडे नाही. तैवानच्या पाहणीत ते आहे.

याचा परिणाम किती होतो ते पाहा. चीनमध्ये अन्नावर दरडोई ८,४११ युआन खर्च झाले. एकूण खर्चातून आरोपित भाड्यापोटी, समजा, ३,००० युआन वजा केले (हा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतला आहे), तर खालचा आकडा २५,२२७ होतो आणि अन्नाचा वाटा २९.८ वरून थेट ३३ टक्क्यांवर जातो. चिनी माणसाच्या ताटात घासभरही फरक पडलेला नसतो.

कोरियात घराच्या रकान्यात आणखी एक अडचण आहे, आणि मुंबईकरांना ती चटकन कळेल. तिथे जॉन्से नावाची पद्धत आहे: भाडेकरू घरमालकाला एकदम मोठी ठेव देतो, दोन वर्षे राहतो, महिन्याला भाडे म्हणून काही देत नाही आणि जाताना पूर्ण ठेव परत घेतो. आपल्याकडचे ‘हेवी डिपॉझिट’ ते हेच. तिथे मात्र हा आडबाजूचा व्यवहार नसून घर भाड्याने घेण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा राजमार्ग आहे. ठेव घराच्या किमतीच्या निम्म्यापासून ते तीन-चतुर्थांशापर्यंत, कधी त्याहून जास्त असते. ६० कोटी वॉनच्या सदनिकेसाठी ३६ कोटी वॉन ठेव दिली, त्यातले २० कोटी बँकेकडून ४ टक्क्यांनी घेतले असे धरा. वर्षाचे व्याज ८० लाख वॉन, म्हणजे महिन्याला सुमारे ६ लाख ६७ हजार. हे कुटुंब पाहणीत कसे दिसेल? भाडे शून्य. व्याज कर आणि विमा-वर्गणीबरोबर ‘उपभोगाबाहेरचा खर्च’ या सदरात. शेजारच्या घरात महिन्याला तेवढेच भाडे देणारे कुटुंब राहत असेल, तर त्याचे ६ लाख ६७ हजार वॉन मात्र उपभोगात. एकसारख्या दोन सदनिका, खिशातून जाणारी रक्कम तीच, आणि एकाच्या उपभोग खर्चात निवास जवळजवळ नाहीच. त्यामुळे कोरियाच्या ‘निवास, पाणी व इंधन’ या गटाचा १२.२ टक्के वाटा पाहून कोरियात घर स्वस्त आहे असे कुणी म्हणू लागला, तर त्याला आधी जॉन्से समजावून सांगावी लागते. २०२२-२३ मध्ये घरांच्या किमती उतरल्या, अनेक मालकांना ठेवी परत करता आल्या नाहीत, फसवणुकीची प्रकरणे उघडकीला आली आणि जून २०२३ मध्ये पीडित भाडेकरूंसाठी खास कायदा करावा लागला. त्यातल्या अनेक भाडेकरूंचे आयुष्यभराचे पैसे बुडाले. मासिक उपभोगाच्या रकान्यात मात्र त्या बुडालेल्या पैशाला जागाच नाही.

मुलाला दुसऱ्या शहरात शिकायला पाठवले आणि दरमहा पैसे धाडले, तर जपानमध्ये ती रक्कम पालकांच्या ‘इतर उपभोगात’ येते; कोरियात ती दुसऱ्या कुटुंबाला दिलेली मदत म्हणून उपभोगाबाहेर जाते. अशी लहान लहान भोके बरीच आहेत. सगळी बुजवायची म्हटली तर प्रत्येक देशाची नियमपुस्तिका उघडावी लागेल. निदान अन्न, घरभाडे आणि व्याज ही तीन सदरे तपासली तरी तुलना बरीच सरळ होते.

बचतीच्या तुलनेत तर याहून मोठी फसगत होते. चीनमध्ये २०२४ साली दरडोई खर्चयोग्य उत्पन्न (कर आणि वर्गण्या देऊन हाती उरणारे) ४१,३१४ युआन आणि खर्च २८,२२७, म्हणजे शंभरातले अडुसष्ट खर्च आणि बत्तीस शिल्लक. जपानमधील पगारदार कुटुंबांचे हेच गुणोत्तर २०२३ साली साधारण ६४ टक्के होते, म्हणजे शिल्लक छत्तीस. जपानी माणूस चिन्यापेक्षा जास्त बचत करतो असे यावरून कुणीही म्हणेल. पण जपानच्या राष्ट्रीय लेख्यांत, म्हणजे सगळ्या देशाच्या जमाखर्चात, कुटुंबांच्या बचतीचा दर एकआकडी आणि तोही खालचाच आहे. मग छत्तीस टक्के गेले कुठे? पगारदारांच्या त्या ‘शिल्लक’ रकमेत घरकर्जाचे हप्ते आणि आयुर्विम्याचे हप्तेही मोजलेले आहेत. शिवाय ही कुटुंबे फक्त नोकरदारांची. देशातल्या निवृत्तांची प्रचंड संख्या त्यात नाही, आणि निवृत्त लोक बचत मोडून जगतात.

निवृत्तांच्या याच आकड्यांनी २०१९ मध्ये जपानचे राजकारण ढवळून काढले होते. आकडा वाचण्यात कुठे घसरण होते ते त्या प्रकरणात इतके स्वच्छ दिसते की ते पूर्ण सांगायला हवे. सरकारच्या वित्तीय सेवा संस्थेच्या एका अभ्यासगटाने जून २०१९ मध्ये अहवाल दिला. २०१७ च्या पाहणीनुसार नोकरी नसलेल्या वृद्ध जोडप्याचे मासिक उत्पन्न २,०९,१९८ येन आणि खर्च २,६३,७१८ येन, म्हणजे दरमहा सुमारे साडेचोपन्न हजारांची तूट. तीस वर्षांचे ३६० महिने, गुणाकार केला, सुमारे दोन कोटी येन. ‘पेन्शन पुरणार नाही, दोन कोटी जमवा’ अशी हाकाटी झाली. पुढच्याच महिन्यात वरिष्ठ सभागृहाची निवडणूक होती. अर्थमंत्री तारो आसो यांनी अहवाल स्वीकारायलाच नकार दिला.

त्या गुणाकारात काय चुकले? ज्या जोडप्यांची ही सरासरी होती त्यांच्याकडे सरासरी २ कोटी ४८ लाख येनांची शिल्लक होती, आणि तीही त्याच अहवालात छापलेली होती. गाठीला पैसे आहेत म्हणून ती जोडपी उत्पन्नापेक्षा जास्त खर्च करत होती. ज्यांच्याकडे नाहीत ती करणार नाहीत, त्यांना ते शक्यच नाही. सरासरी तूट म्हणजे जगण्याला कमी पडणारे पैसे, असा अर्थ लावला गेला. शिवाय एका वर्षाचा आकडा तीस वर्षे ताणला. २०२० मध्ये सरकारने माणशी एक लाख येन वाटले, साथीमुळे लोक घरात बसले, आणि जवळपास त्याच गटाची तूट नाहीशी होऊन दरमहा १,१११ येन शिल्लक दिसू लागले. २०२३ मध्ये तूट परत ३७,९१६ येन झाली. ३६० ने गुणले तर २०२० च्या आकड्याने काहीच जमवायची गरज नाही, २०२३ च्या आकड्याने सुमारे १ कोटी ३६ लाख, आणि २०१७ च्या आकड्याने दोन कोटी. हा गुणाकार करून दाखवणारे लेख अजूनही लिहिले जातात याचे वाईट वाटते, कारण त्या आकड्याने कित्येक म्हाताऱ्यांची झोप उडवली.

कोरियातही असेच घडले, पण तिथे दोष नमुन्याचा होता. २०१८ मध्ये किमान वेतन १६.४ टक्क्यांनी वाढवले गेले. त्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीच्या पाहणीत सर्वांत खालच्या पाचव्या हिश्श्याचे उत्पन्न वर्षभरात ८ टक्क्यांनी घटलेले आणि वरच्याचे ९.३ टक्क्यांनी वाढलेले निघाले. वरच्या आणि खालच्या हिश्श्यातले अंतर ५.९५ पट. किमान वेतनानेच गरिबांना मारले, असे विरोधक म्हणू लागले. पण त्याच वर्षी पाहणीचा नमुना सुमारे ५,५०० कुटुंबांवरून ८,००० वर नेला होता, आणि नव्या नमुन्यात वृद्धांची लहान कुटुंबे जास्त आली होती. म्हणजे आदल्या वर्षीची कुटुंबे वेगळी, या वर्षीची वेगळी. अंतर खरोखर किती वाढले आणि नमुना बदलल्यामुळे किती दिसले, हे वेगळे काढणे कठीण झाले. ऑगस्टमध्ये सांख्यिकी आयुक्त बदलले गेले, आणि पुढे पाहणीची रचनाच पुन्हा नव्याने करावी लागली. दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी मधल्या काळात नमुना किंवा हिशेबवहीची मांडणी बदलली का, हे पाहायचे ते यासाठी. जपाननेही जानेवारी २०१८ पासून पाहणीची हिशेबवही बदलली, आणि त्या जोडावर आकड्यांत खाच पडली आहे.

या वहीबद्दल थोडे सांगतो, कारण आकड्याचा उगम तिथे आहे. जपानमध्ये महिन्याला सुमारे ९,००० कुटुंबे पाहणीत असतात. दोन किंवा अधिक माणसांचे कुटुंब सहा महिने आणि एकटा राहणारा तीन महिने रोजची खरेदी बाब-बाब करून लिहितो. त्यावरून शहरवार आकडेही निघतात, आणि उत्सुनोमिया, हामामात्सु व मियाझाकी या शहरांत ग्योझा (सारण भरलेला, मोमोसारखा पदार्थ) सर्वांत जास्त कोण विकत घेतो याची दरवर्षी चुरस लागते. २०२१ मध्ये मियाझाकी पहिले आले तेव्हा तो राष्ट्रीय बातमीचा विषय झाला. पण मोजणीत दुकानातून आणलेले तयार ग्योझाच येतात. उपाहारगृहात खाल्लेले येत नाहीत, गोठवलेले येत नाहीत, घरी केलेल्यांचे पीठ आणि सारण तर तिसऱ्याच सदरांत जाते. आणि एका शहरातली कुटुंबे जेमतेम शंभराच्या आतबाहेर. देशाच्या सरासरीला नऊ हजार कुटुंबे पुरतात, एका शहराच्या एका पदार्थाला शंभर पुरत नाहीत. चीनचा नमुना १,६०,००० कुटुंबांचा आहे. तिथे अडचण संख्येची नसून दरीची आहे.

ती दरी मोठी आहे. २०२४ मध्ये शहरी दरडोई खर्चयोग्य उत्पन्न ५४,१८८ युआन, ग्रामीण २३,११९. शांघायचे ८८,३६६. ‘चिनी कुटुंब’ असे एक सरासरी कुटुंब घेऊन जपानशी तुलना करणे म्हणजे दोन वेगळ्या देशांची सरासरी काढून तिसऱ्याशी ताडून पाहणे. शांघाय-पेइचिंगची तुलना सोल-टोकियोशी करावी. कान्सू या गरीब प्रांतातल्या खेड्याची तुलना करायला जपानमध्ये जोडीदार सापडणार नाही.

शिवाय चीन आपले आकडे माणशी देतो, कुटुंबागणिक नाही. २८ मे २०२० रोजी पंतप्रधान ली ख-छ्यांग यांनी पत्रकार परिषदेत सांगितले की देशातल्या ६० कोटी लोकांचे मासिक उत्पन्न जेमतेम १,००० युआन आहे. जगभर मथळे झाले, आणि बहुतेकांनी तो पगार समजला. सांख्यिकी विभागाने पुढे खुलासा केला: खालच्या दोन उत्पन्नगटांतले ६१ कोटी लोक, त्यांचे सरासरी वार्षिक दरडोई उत्पन्न ११,४८५ युआन. दरडोई म्हणजे तान्हे मूल आणि अंथरुणाला खिळलेली आजी धरून. पाच जणांच्या घरात दोघे कमावते असतील, तर तेच घर महिन्याला सुमारे ४,८०० युआनांवर चालते आणि कमावत्या हाताला सुमारे २,४०० पडतात. गरिबी आहेच, पण ‘हजार युआन पगार’ हे चित्र चुकीचे.

माणशी आणि कुटुंबागणिक आकडे एकत्र आणायचे असतील तर एक साधी, जगभर वापरली जाणारी रीत आहे: कुटुंबाचे उत्पन्न माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचे. चार माणसांच्या कुटुंबाला ६० लाख येन, भागले २ ने, ३० लाख. एकट्या माणसाला ३० लाख, भागले १ ने, ३० लाख. दोघांचे राहणीमान सारखे धरायचे. चार माणसांना चार स्वयंपाकघरे लागत नाहीत, म्हणून चारने भागायचे नाही. ही रीत न वापरल्याने काय होते ते तैवानच्या आकड्यात दिसते. २०२३ मध्ये तिथल्या वरच्या आणि खालच्या पाचव्या हिश्श्यांतले अंतर ६.१२ पट सांगितले जाते, कोरियात ५.७२ पट. तैवान जास्त विषम, असे लगेच लिहिले जाते. पण तैवानचा आकडा कुटुंबागणिक आहे: खालच्या हिश्श्यात एकटेदुकटे म्हातारे आणि वरच्यात दोन-तीन कमावती माणसे असलेली मोठी कुटुंबे. कोरियाचा आकडा वर्गमुळाने भागून काढलेला. तैवानचे माणशी अंतर बरेच खाली येते.

सरासरीबरोबर मध्यक छापावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. जपानच्या आरोग्य, श्रम व कल्याण मंत्रालयाच्या २०२३ च्या पाहणीत कुटुंबाचे सरासरी वार्षिक उत्पन्न ५२ लाख ४२ हजार येन होते, मध्यक ४० लाख ५० हजार. म्हणजे निम्म्या कुटुंबांकडे ४० लाखांच्या आसपास किंवा त्याहून कमी येते, आणि ६२ टक्के कुटुंबे सरासरीच्या खाली आहेत. चीनमध्ये २०२४ चा मध्यक ३४,७०७ युआन. हे दोन मध्यक एकमेकांशी ताडता येत नाहीत, कारण जपानचा आकडा कुटुंबाचा आणि कर भरण्याआधीचा, चीनचा माणशी आणि कर वजा जाता आहे.

चलनाचा प्रश्न वाटा मोजताना येत नाही, उत्पन्न मोजताना येतो. वार्षिक ६० लाख येन मिळवणारे कुटुंब २०११ च्या शेवटी, डॉलरला ८० येनाच्या आसपास भाव असताना, ७५,००० डॉलरचे होते. जुलै २०२४ मध्ये १६० च्या भावाने तेच कुटुंब ३७,५०० डॉलरचे. त्याचे जीवनमान निम्म्याने घसरले नाही; भाडे, वीज, रेल्वेचा पास येनातच आहे. म्हणून उत्पन्नाची तुलना क्रयशक्ती तुल्यतेच्या दराने, म्हणजे त्या चलनात प्रत्यक्ष किती वस्तू येतात ते पाहून ठरवलेल्या दराने, करावी. जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमाच्या २०२१ च्या फेरीचे दर मे २०२४ मध्ये आले आहेत, ते वापरता येतात. महिन्याचे आकडे शक्यतो टाळावेत. जपानमध्ये डिसेंबरात बोनस येतो आणि पगारदार कुटुंबाचे त्या महिन्याचे उत्पन्न दहा लाख येनांच्या पुढे जाते, वर्षाची मासिक सरासरी मात्र २०२४ मध्ये साडेसहा लाखांच्या आत होती. चांद्र नववर्ष २०२४ मध्ये १० फेब्रुवारीला आले आणि २०२५ मध्ये २९ जानेवारीला, त्यामुळे चीन-कोरियाच्या जानेवारीची जानेवारीशी तुलनाच होऊ शकत नाही. चीन किरकोळ विक्रीचे पहिल्या दोन महिन्यांचे आकडे एकत्रच प्रसिद्ध करतो.

एवढी चाळणी लावल्यावर खरे फरक उरतात, आणि ते अधिक बोलके आहेत. कोरियात शिक्षणाचा भार सरासरीत लपतो. २०२४ मध्ये खाजगी शिकवण्यांवर एकूण २९.२ लाख कोटी वॉन खर्च झाले. विद्यार्थीमागे महिन्याला ४ लाख ७४ हजार. पण ८० टक्के मुलेच शिकवणीला जातात, तेव्हा जाणाऱ्या मुलामागे ५ लाख ९२ हजार पडतात. दोन मुले असली तर ११ लाख ८४ हजार, जेव्हा सर्व कुटुंबांचा सरासरी मासिक उपभोग खर्च २८ लाख ९० हजार होता. घरोघरी मूल नसल्याने सर्व कुटुंबांच्या सरासरीत हा बोजा दिसत नाही. ज्यांना मूल हवे आहे त्यांना तो पक्का दिसतो.

जपानचा २८.३ टक्के हा तोवरच्या ४३ वर्षांतला उच्चांक होता. त्यामागे दोन कारणे मिसळली आहेत. एक, घसरता येन आणि महाग आयात, कारण उष्मांकाच्या हिशेबात जपान गरजेच्या ३८ टक्केच अन्न स्वतः पिकवतो, आणि खरे (महागाई वजा जाता) वेतन २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षे घटले. त्यात २०२५ च्या वसंतात पाच किलो तांदळाची पिशवी वर्षभरात दुप्पट होऊन ४,२०० येनांच्या पुढे गेली. दोन, वार्धक्य. मुलांचे शिक्षण संपले, घराचे कर्ज फिटले, प्रवास कमी झाला, की जेवणाचा वाटा आपोआप वर चढतो. पहिले कारण त्रासाचे, दुसरे वयाचे. उत्पन्न वाढते तसा अन्नाचा वाटा घटतो, हा एर्न्स्ट एंगेलने १८५७ मध्ये मांडलेला नियम तरुण, वाढत्या कुटुंबांच्या समाजात बसतो. इतक्या वृद्ध समाजात तो जसाच्या तसा लावता येत नाही.

शेवटी तक्त्यातल्या भारताच्या ओळीबद्दल. अशा तक्त्यांत तळाला भारत जोडण्याची पद्धत आहे. २०२३-२४ च्या आपल्या उपभोग खर्च पाहणीत अन्नाचा वाटा ग्रामीण भागात ४७.०४ आणि शहरी भागात ३९.६८ टक्के आहे. त्यात बाहेरचे खाणे आणि पेये आहेत, पान-तंबाखू-दारू नाही, आरोपित भाडे नाही, आणि खर्च माणशी आहे: ग्रामीण ४,१२२ रुपये, शहरी ६,९९६ रुपये महिन्याला. म्हणजे आपली मोजणी जपानच्या जवळची आहे, कोरियाच्या १४.३ शेजारी ती ठेवता येत नाही आणि चीनच्या २९.८ शेजारी ठेवायची तर आधी चीनचे भाडे काढावे लागते. तक्ता पुन्हा छापाल तेव्हा प्रत्येक देशासमोर चार गोष्टी लहान अक्षरांत द्याव्यात: आकडा माणशी की कुटुंबागणिक, अन्नात बाहेरचे खाणे व दारू-तंबाखू आहे का, एकूण खर्चात स्वतःच्या घराचे भाडे धरले आहे का, आणि पाहणीत एकटी राहणारी माणसे आहेत का. जपानच्या २८.३ मध्ये ती नाहीत, कोरियाच्या १४.३ मध्ये आहेत.

आपला,
अर्थशास्त्राचा एक अध्यापक, कोल्हापूर